वहिनीनं घालवलेलं गिऱ्हाईक

यंदा माझ्या वाढदिवसाला सकाळी पहिला शुभेच्छांचा मेसेज आला तो मुलाचा नव्हे, सुनेचा नव्हे, हॉस्पिटलचा. 'आपण आमच्या परिवारातील सदस्य आहात.' मी म्हटलं, वा रे परिवार! घरच्या माणसाला कुणी दारात अडवून आधी कार्ड दाखवा म्हणतं होय? तो मेसेज मी सुनेला दाखवला, तर ती बिचारी ओशाळली आणि दिवसभर माझ्या मागेपुढे करत राहिली. तेवढा एक फायदा झाला, नाही कशाला म्हणू.

मी आहे फटकळ. पोस्टाच्या काउंटरवर जन्म गेला. खिडकीच्या पलीकडे लोक, अलीकडे मी आणि मधे भांडण. पुढे मूत्रपिंडांनी दगा दिला तेव्हा मी त्यांच्यावरसुद्धा रागावले होते, पण त्यांना काय त्याचं! आता आठवड्यातून तीनदा मी डायलिसिसच्या हॉलमध्ये भिंतीकडच्या खुर्चीत बसते. हातातलं रक्त एका नळीनं मशीनमध्ये जातं, धुऊन निघतं आणि दुसऱ्या नळीनं परत येतं. चार तास जागचं हलता येत नाही. शेजाऱ्याशी भांडावं म्हटलं तर तोही तसाच बांधलेला, त्याच्याशी भांडण्यात काय मजा? मग माणूस बघत बसतो. मी सगळ्यात जास्त जिला बघितलं ती आमची वहिनी, आणि तिचंच सांगायचंय.

ती माझी वहिनी नाही. इथं कुणाचीच नाही, एक सोडून. तिचा धाकटा दीर या हॉस्पिटलात लिफ्ट चालवतो आणि तिला इथं चिकटवलं ते त्यानंच. तो येता-जाता तिला वहिनी म्हणायचा. त्याचं ऐकून वॉर्डबॉय म्हणायला लागले, मग नर्सा, मग आम्ही पेशंट, आणि शेवटी तिच्या बापाच्या वयाचे मोठे डॉक्टरसुद्धा. एकदा तिचा नवरा डबा द्यायला वर आला आणि सगळ्यांचं ऐकून त्याच्याही तोंडून 'वहिनी, डबा' निघून गेलं. आम्ही त्याची अशी काही चेष्टा केली की तेव्हापासून तो डबा खालीच भावाच्या हातात देऊन पळ काढतो.

आधी ती सूतगिरणीत होती. धागा तुटला की चालत्या मशीनवर तो चिमटीत पकडून जोडायचा, हे तिचं काम. गिरणीला टाळं लागलं तेव्हा दिरानं तिला इथं मशीन पुसायला आणलं. पुसता पुसता ती बघत राहिली, मग हॉस्पिटलनंच तिला कोर्सला पाठवलं, परीक्षा झाली आणि बाई टेक्निशियन झाल्या. अजून मशीनशी बोलते मात्र गिरणीतल्यासारखी. मशीननं उगाच शिट्टी मारली की त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणते, 'काय बिनसलं रे तुझं सकाळी सकाळी?' नवरा घरं रंगवतो. मितभाषी माणूस, नखांच्या कडेला कायम कुठला तरी रंग. ती घरी गेली की तो काही विचारत नाही, तिचे पाय मांडीवर घेऊन दाबत बसतो. हे तिनंच मला सांगितलं आणि सांगताना अशी लाजली की मीच दुसरीकडे बघितलं.

तर सुई. डायलिसिसवाल्याचं सगळं आयुष्य सुईभोवती फिरतं. हातातली एक शीर ऑपरेशन करून जाड करतात, तिच्यात दर खेपेला दोन सुया जातात, आणि या सुया काही इंजेक्शनच्या नाजूक सुया नव्हेत, चांगल्या दणकट असतात. कुणी नवखा टोचायला आला की हॉलमध्ये सगळ्यांचे श्वास अडकतात. वहिनी आली की सुटतात. तिची एक पद्धत होती. काही पेशंटना ती दर खेपेला अगदी त्याच भोकातून, त्याच कलानं सुई घालायची. असं करत गेलं की कान टोचल्यासारखी आत वाट तयार होते आणि मग बोथट सुईसुद्धा सरळ आत सरकते, दुखत नाही. अडचण एकच. ज्या हातानं वाट पाडली त्याच हाताला ती आधी कळते. दुसऱ्यानं घाई केली की सुई भलतीकडे जाते, हात सुजतो आणि माणूस कळवळतो.

आता मामांकडे येते. मामा म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीतले सलूनवाले मामा. उभा जन्म लोकांच्या दाढ्या केल्या, डोकी भादरली. कंबर वाकलेली, भांग मात्र असा की पट्टी लावून काढलाय. मला ते बाई म्हणायचे आणि माझे केस वाईट कापलेत हे दर आठवड्याला न चुकता सांगायचे. मामी गेल्यावर ते लेकीकडे राहायला गेले. लेक राहते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून इथं यायला दोन बसा बदलायच्या, मधे दोन मोठी हॉस्पिटलं लागतात, आणि लेकीच्या घराच्या मागच्याच गल्लीत एक छोटं डायलिसिस केंद्र उघडलेलं. तरी मामा इथंच यायचे. का, तर वहिनीचा हात. एकदा लेकीच्या आग्रहाखातर त्या केंद्रात जाऊन आले होते. तिथल्या पोरीनं वहिनीच्या वाटेवर आडवीतिडवी सुई घातली, दंड वांग्यासारखा काळानिळा झाला, आणि मामांनी कानाला खडा लावला.

मामा म्हणायचे, गिऱ्हाईक खुर्चीला बांधलेलं नसतं, हाताला बांधलेलं असतं. त्यांनी दुकान तीनदा हलवलं होतं आणि माणसं त्यांच्या मागे मागे आली होती. आता आपण गिऱ्हाईक आहोत तर आपणही इमानानं वागायचं, असा त्यांचा साधा हिशोब.

हा हिशोब वरच्या मजल्यावर भलताच आवडला. हॉस्पिटल नव्या मालकांनी घेतलं तेव्हापासून तिथं 'रुग्णसंबंध विभाग' म्हणून एक खोली झाली आहे. वाढदिवसाचे मेसेज तिथूनच सुटतात. त्या खोलीतला साहेब म्हणजे एक पोरसवदा मुलगा, उन्हाळ्यातसुद्धा टाय बांधणारा. आम्ही त्याला टायसाहेब म्हणायचो. मुलगा वाईट नव्हता हो. सगळ्यांशी वाकून बोलायचा, माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला तरी हसून ऐकून घ्यायचा. पेशंट एकदा आला की तो आपला राहिला पाहिजे, दुसरीकडे गेला नाही पाहिजे, हे त्याचं काम. त्यानं शोधून काढलं की सगळ्या हॉस्पिटलात सर्वांत इमानी पेशंट डायलिसिसचे, आणि डायलिसिसमध्ये वहिनीचे. मामा दोन हॉस्पिटलं ओलांडून येतात हे कळल्यावर तर त्याला आभाळ ठेंगणं झालं. मामांचा आणि वहिनीचा मोठा फोटो खालच्या दालनात लावायचा, खाली लिहायचं, 'नातं विश्वासाचं'. हॉलची इन्चार्ज निवृत्त होणार होती, तिच्या जागी वहिनीच बसणार हे त्यानं जवळपास सांगूनच टाकलं. बाकीच्या टेक्निशियननीही वहिनीसारखे आपापले पेशंट बांधून घ्यावेत, असंही तो म्हणाला. वहिनी फोटोसाठी केस नीट करून आली होती त्या दिवशी. मामांनी खुर्चीतूनच तिला दोन सूचना दिल्या.

त्याच आठवड्यात मामा परतीच्या बसमधून उतरताना कोसळले.

डायलिसिस झाल्यावर अंगात त्राण नसतं, ते या खुर्चीत बसल्याशिवाय कळायचं नाही. रक्तदाब खाली गेला आणि मामा पायरीवरून थेट रस्त्यावर. कपाळाला टाके पडले. त्या दिवसापासून लेक त्यांना आणायला-न्यायला यायला लागली. ती खेळणी पॅक करण्याच्या कारखान्यात कामाला. आठवड्यातले तीन दिवस अर्धी रजा म्हणजे सुपरवायझरचं रोज ऐकून घेणं, आणि त्यानं आता साफ सांगितलं होतं, हे असंच चालू राहिलं तर दुसरी बाई बघतो. हे तिनं बापाला नाही सांगितलं. वहिनीला सांगितलं, कारण वहिनीनं तिला बाहेरच्या पॅसेजमध्ये उभ्या उभ्या डबा खाताना पाहिलं आणि आत बोलावून स्टुलावर बसवलं. मी शेजारीच होते, माझे कान काही मशीनला जोडलेले नव्हते. मामा झोपले होते. लेक म्हणाली, बाबांना तुमच्याशिवाय दुसरं कुणी चालत नाही, माझं काही म्हणणं नाही. एवढं बोलून ती रडायला लागली, आणि लगेच डोळे पुसून डबा धुवायला गेली.

त्या दिवशी वहिनी मशीनशी बोलली नाही. पुढच्या खेपेला मामांच्या समोर स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, मामा, तुम्ही लेकीच्या घराजवळच्या केंद्रात जायचं. मामांनी मान फिरवली. मग ती जे बोलली ते ऐकून मीच उडाले.

"तिथल्या कुणाचा हात नको ना तुम्हाला? नको. माझाही नको. सुई तुम्ही स्वतःच घालायची. मी शिकवते."

तसे लोक असतात म्हणे, स्वतःची सुई स्वतः घालणारे. आपली वाट आपल्याइतकी कुणाला कळणार? मोठ्या डॉक्टरांनाही तिनं आधीच विचारून ठेवलं होतं, आणि त्या केंद्रात एका रविवारी स्वतः जाऊन तिथल्या पोरीशी बोलून आली होती. इतकं सगळं ठरवून बसलेली बाई! मामांनी विचारलं, 'मी तुला जड झालो का गं?' वहिनी उठून दुसऱ्या पेशंटकडे गेली.

मामा दोन खेपा तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या खेपेला त्यांच्या लक्षात आलं की लेकीचे डोळे सुजलेत. घरी काहीतरी बोलणं झालं असावं. पुढच्या खेपेला मामा आले आणि हात पुढे केला, उजवा हात, सुई धरायचा.

हात धुवायचा, डाव्या दंडावरची जागा औषधानं पुसायची, भोकांवरच्या खपल्या अलगद काढायच्या, पुन्हा पुसायचं, मग सुई. मामांनी सगळं चोख केलं. जन्मभर वस्तरा धरलेला हात, त्याला काय सांगायचं? पुसून झालं, आणि मामांनी वाकून दंडावर जोरात फुंकर मारली. मानेवरचे बारीक केस उडवायला मारतात ना, तशी! वहिनीनं कपाळाला हात लावला. सगळं पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा पुसलं आणि पुन्हा फुंकर. आख्खा हॉल हसायला लागला. शेवटी वहिनीनं त्यांना मास्क घातला, तर मामा मास्कच्या आतून फुंकले. मी इतकी हसले की माझ्या मशीननं शिट्टी मारली.

पुढे मात्र हसू आलं नाही. सुई हातात घेऊन टोक भोकाशी नेलं की मामांचे डोळे आपोआप मिटायचे. लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवणारा माणूस, पण स्वतःच्या अंगातलं रक्त बघवेना. घाम फुटायचा, ओठ पांढरे पडायचे, आणि वहिनी हळूच सुई काढून घेऊन स्वतः घालायची. एक आठवडा गेला, दुसरा गेला. कारखान्यातून लेकीला शेवटची ताकीद आली. महिनाअखेरपर्यंत वेळ होता, त्याच्या आत मामांचं जमलं तर ठीक, नाहीतर तिची नोकरी गेली. आणि त्या घरात कमावणारी तीच.

अशाच एका दिवशी मामांचं पुन्हा फसलं. वहिनीनं त्यांची सुई घातली, पट्टी लावली आणि माझ्याकडे आली. माझ्या नळ्या तपासायच्या निमित्तानं वाकली आणि माझ्या कानाशी म्हणाली,

"मावशी, त्यांना जमलं नाही ना, तर मला बरं वाटलं हो. आत्ता. बघा मी कशी आहे."

तिचा चेहरा पार उतरला होता. एरवी मी टोला द्यायला कमी करत नाही. पण हिला नाही. तिला मूल नाही. गिरणीत धागा तुटला की कुणालाही हाक मारायचे, सगळ्यांचे हात सारखे. इथं पहिल्यांदा आयुष्यात माणसं तिचंच नाव घेऊन तिची वाट बघत होती. त्या खुर्च्यांमधून तिला किती मिळत होतं ते मी रोज बघत होते. मी म्हटलं, वाटणारच. मलाही वाटलं. मामा गेले तर माझ्या केसांना नावं कोण ठेवणार? ती हसली खरी, पण डोळ्यांत पाणी होतं. मग म्हणाली, म्हणूनच लवकर केलं पाहिजे, नाहीतर माझाच हात आखडेल.

पुढच्या खेपेला ती ऑपरेशनच्या खोलीतलं एक हिरवं कापड घेऊन आली, मधे खिडकीसारखं भोक असलेलं, धुऊन वाफवलेलं. मामांच्या डाव्या दंडावर तिनं ते पांघरलं, कडा नीट खोचल्या. आता मामांचा हात दिसेना, खिडकीतून फक्त चामडीचा एक तुकडा. मामा त्या कापडाकडे बघत राहिले. गिऱ्हाईकाच्या गळ्याभोवती कापड अडकवलं की त्यांची बोटं आपोआप जशी चालत असतील, तशी चालायला लागली. खोचलेली एक कड त्यांनी उगाचच परत खोचली. आणि मग ते त्या कापडाशीच बोलायला लागले, हळू आवाजात, आम्हाला विसरून.

"बसा शेठ. बरेच दिवसांनी? हलायचं नाही हं. झालंच."

सुई आत गेली होती. नळीत लाल धार चढली तेव्हा मामांनाच पत्ता नव्हता, ते शेठला जावयाची तब्येत विचारत होते. वहिनी एका गुडघ्यावर बसून बघत होती, दोन्ही हात काखेत दाबून, मदत करायला पुढे जाऊ नयेत म्हणून. दुसरी सुईही गेली. मामांनी मान वर केली, आमच्याकडे बघितलं, आणि म्हातारा ढसाढसा रडला. आम्ही टाळ्या वाजवायच्या म्हटलं तर प्रत्येकाचा एकेक हात बांधलेला. मग मांड्यांवर वाजवल्या.

ही बातमी वर जायला कितीसा वेळ लागतो? दोन दिवसांनी टायसाहेब खाली आला. हॉलच्या दारातच उभा राहिला. फोटो छापून झाला होता, दालनात खिळासुद्धा ठोकला होता, आणि फोटोतला पेशंट निघून चालला होता. त्याला मालकांना उत्तर द्यायचं होतं. त्यानं खालच्या आवाजात विचारलं, वहिनी, हे तुम्ही मुद्दाम केलंत? दुसरी सोय नव्हती का? आपण गाडी दिली असती. ती मोलाची गोष्ट होती, मला पटलं. पण गाडीसुद्धा दर खेपेला त्यांना शहराच्या या टोकाला आणून परत नेणार होती, आणि परत जाताना बिचाऱ्याचे प्राण तसेच कंठाशी येणार होते.

वहिनी म्हणाली, "साहेब, ते माझ्यासाठी येत होते. आजारी माणसाला माझ्यासाठी एवढं लांब यायला लागू नये."

त्यानं मामांच्या पायांवरची चादर सरकली होती ती नीट केली आणि गेला. पुढच्या महिन्यात इन्चार्जच्या खुर्चीत दुसरी बाई बसली, वहिनीपेक्षा लहान. मी संतापले. वहिनीला म्हटलं, भांड, जाऊन बोल, मी येते बरोबर, भांडणात मी कुणाला ऐकत नाही. ती म्हणाली, राहू द्या हो, तिला दोन पोरं आहेत, तिला मिळालेलं बरं. आणि खरं सांगू का, तिला राग नव्हताच. घरी जाऊन मात्र ती त्या दिवशी नवऱ्याला म्हणाली होती, पाय नको दाबू आज, नुसता बसून राहा. तो बसून राहिला.

मामांचा आमच्याकडचा शेवटचा दिवस महिना संपायच्या आतच आला होता, काही मोठा झाला नाही. सुया त्यांनी स्वतःच घातल्या, शेठशी गप्पा मारल्या. जाताना मला म्हणाले, बाई, केस वाढवा, कापत नका बसू. वहिनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि लेकीच्या आधारानं लिफ्टमध्ये शिरले. ठरलं ते एवढंच. नव्या केंद्रात पहिल्या दिवशी जमलं नाही, घाबरले, कुणी दुसऱ्यानं हात लावला, तर लगेच फोन करायचा आणि रिक्षा करून इकडे यायचं. वहिनी त्यांचं मशीन तयार ठेवणार. जमलं तर फोन करायचा नाही, कारण फोन वाजला की तिचं काळीज हलणार.

तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. वहिनीनं आम्हाला एकेक करून जोडलं आणि मामांचं मशीनही धुऊन, नळ्या भरून तयार केलं. खुर्चीवर नवी चादर घातली. ती खुर्ची त्या दिवसापासून एका नव्या मुलीला द्यायची होती. मुलगी लग्न झालेली, विशीतली, आजवर मानेत बसवलेल्या नळीतून डायलिसिस व्हायचं, आणि आता हातात पहिल्यांदाच सुई जायची. वहिनीनं तिला बाहेर थांबायला सांगितलं होतं. एरवी कपाटात ठेवायचा फोन त्या दिवशी तिच्या एप्रनच्या खिशात होता, आणि दर थोड्या वेळानं तिचा हात तिकडे जात होता. माझा रक्तदाब बघायला आली तेव्हा तिची बोटं गार होती. मी म्हटलं, येऊ दे गं बाई फोन. ती म्हणाली, मावशी, असं नका म्हणू. आणि लगेच म्हणाली, मलाही तेच वाटतंय.

तिकडे काय झालं ते लेकीनं मला नंतर सांगितलं. मामांनी तिथल्या पोरीला दोन पावलं मागे उभं केलं, हिरवं कापड घरून नेलं होतं ते अंथरलं, आणि सुया घालून झोपून गेले. लेक कारखान्यात वेळेवर पोचली. पण हे सगळं आम्हाला त्या वेळी कुठं माहीत? आमच्याकडे नुसती मशीनं गुरगुरत होती.

बराच वेळ गेला. इन्चार्ज दोनदा विचारून गेली, नव्या मुलीला घ्यायचं ना? वहिनी मामांच्या रिकाम्या खुर्चीपाशी उभी राहिली. फोन खिशातून काढला, बघितला, तोंडाला पदर लावावा तसा एप्रनचा कोपरा लावला आणि पाठमोरी होऊन रडली. आवाज नव्हता, नुसते खांदे. मला उठून जावंसं वाटत होतं आणि मी बांधलेली. मी तिला नुसतं नावानं हाक मारली, तिच्या खऱ्या नावानं. तिनं वळून बघितलं, नाक पुसलं आणि फोन कपाटात ठेवून आली. हात धुतले. मग दाराकडे जाऊन त्या मुलीला आत घेऊन आली.

मुलगी रडतच आत आली. नवी चादर बघून तर तिला आणखीच रडू आलं. वहिनीनं तिचा दंड हातात घेतला, शिरेवर बोट ठेवलं, काही वेळ तसंच ठेवलं. मुलगी म्हणाली, "ताई, मला दर वेळी तुम्हीच सुई घालाल ना? दुसऱ्या कुणाकडे मी नाही जाणार."

हे वाक्य वहिनीनं किती जणांकडून ऐकलं असेल. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती स्टुलावर बसली, मुलीचा हात तिनं सोडला नाही.

"सुरुवातीला मी घालीन," ती म्हणाली. "मग तू."